इंडेक्सिंग बंद करावं का? बाबांचा संगणक, १००% डिस्क आणि तीस वर्षांची टिपणं

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. बाबांच्या संगणकाबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण आतापर्यंत ज्याला विचारलं त्याने अर्धं ऐकूनच उपाय सांगितला.

बाबा निवृत्त शिक्षक, वय ७४, कऱ्हाडला असतात. मी पुण्यात. गेली तीस वर्षं ते आमच्या भागातले वाडे, घाट, वीरगळ, जुनी देवळं यांच्यावर टिपणं काढताहेत. आधी वह्या, मग ओळखीच्या डीटीपी सेंटरमधून टाइप करून आणलेल्या फायली, आणि २०१६ पासून स्वतःच्या संगणकावर. तोच संगणक अजून चालू आहे. १ टीबीची फिरती हार्ड डिस्क (७२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे), ४ जीबी रॅम, विंडोज १०.

गेले चार महिने त्यांचं काम जवळपास थांबलंय. सकाळी सातला बटण दाबतात, अंघोळ-पूजा उरकून येतात, तरी वर्ड उघडायला पाच-सात मिनिटं लागतात. टाइप करताना अक्षर उमटेपर्यंत पुढचा शब्द डोक्यातून जातो, असं ते म्हणतात. गेल्या आठवड्यात मी तिकडे होतो तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघितला. डिस्क सतत १००%, पण वेग फक्त १.१ एमबी प्रति सेकंद. हे दोन आकडे एकत्र कसे येतात ते कळलं नाही. यादीत सगळ्यात वर विंडोज सर्चचा इंडेक्सर होता, म्हणजे शोधासाठी फायलींची सूची (इंडेक्स) बनवणारा भाग.

याआधीची गोष्ट अशी की, शोधलेली फाईल सापडत नाही अशी बाबांची तक्रार होती, म्हणून गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने शोधाची सेटिंग 'क्लासिक'वरून 'एन्हान्स्ड' करून दिली, म्हणजे सगळ्या संगणकाचं इंडेक्सिंग. त्यानंतर हे सुरू झालं. आता दुसरा म्हणतो, इंडेक्सिंग बंदच करा. बाबा म्हणतात, "मग मी १९९८ सालचं टिपण शोधायचं कसं?" त्यांचं म्हणणं मला पटतं. शोध गेला तर त्यांच्या दृष्टीने ती टिपणंही गेल्यासारखीच आहेत.

काय करावं?

टिचकी | शनिवार, सकाळी १०:३१

बंद करून टाका. सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज सर्च' आहे, तिथे स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' करा आणि सर्व्हिस थांबवा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वी केलं, त्या दिवसापासून तो पळतोय. फाईल शोधायला वेळ लागतो, पण रोज शोधतो कोण?

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी १०:४०

टिचकी, आभार. पण बाबा खरंच रोज शोधतात. एका देवळाबद्दल लिहिताना आधीची दहा टिपणं काढून समोर ठेवायची, अशीच त्यांची पद्धत आहे.

लोहचुंबक | शनिवार, दुपारी १:०५

कृष्णाकाठ, थांबा. अजून काहीही बंद करू नका. मी कोल्हापुरात हार्ड डिस्क आणि संगणक दुरुस्तीचं काम करतो, अठरा वर्षं झाली. 'इंडेक्सिंगमुळे स्लो' म्हणून येणाऱ्या संगणकांत इंडेक्सिंग असतंच, पण ते आजार असतं की आजाराचं लक्षण, हे बघितल्याशिवाय हात लावू नये.

आधी तुमच्या दोन आकड्यांबद्दल. टास्क मॅनेजर डिस्कपुढे जी टक्केवारी दाखवतो, ती डिस्क किती वेळ कामात होती याची असते. तिने किती माल वाहिला याची ती टक्केवारी नव्हे. वाड्या-वस्त्यांवर पत्रं वाटणारा पोस्टमन दिवसभर पायपीट करतो, पण प्रत्येक पत्र वेगळ्या वाडीवरचं असेल तर संध्याकाळपर्यंत पिशवीतली पन्नासच पत्रं पोचलेली असतात. तुमची डिस्क तशी पायपीट करतेय.

याचा हिशोब मांडता येतो. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते. हवा तो तुकडा हेडखाली (माहिती वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४.२. हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायला साधारण ८ ते ९. एका उडीला झाले १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी उड्या, त्याहून जास्त नाही. एका उडीत १६ केबी हाती लागले तर ऐंशी उड्यांचे होतात सव्वा एमबी. तुमचा १.१ एमबी इथून आला. डिस्क पूर्ण ताकदीने काम करतेय आणि तरीही हाती एवढंच पडतंय. हेच काम साधा साटा एसएसडी (चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) सेकंदाला हजारोंच्या गतीने करतो, कारण त्यात हलणारं काहीच नाही.

इंडेक्सर असं काय करतो की इतक्या उड्या पडाव्यात? तो प्रत्येक फाईलपाशी जातो, तिचं नाव, तारीख, आकार वाचतो, फोटो असेल तर त्यातली कॅमेऱ्याची माहिती वाचतो, वर्ड किंवा पीडीएफ असेल तर आतला मजकूर काढून शब्द सुटे करतो आणि आपल्या सूचीत लिहितो. शिवाय तो फाईल उघडतो तेव्हा अँटिव्हायरसही ती तपासतो. एका फाईलमागे चार उड्या धरा. तुमच्याकडे फायली किती आहेत ते सांगा, पुढचा हिशोब करू.

एक गोष्ट इंडेक्सरच्या बाजूनेही सांगायला हवी. तो मुद्दाम मागे राहतो. कीबोर्ड-माउस चालू असला की हळू होतो (इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या खिडकीत तसं लिहूनही येतं), संगणक मोकळा दिसला की वेग घेतो. एकदा सूची पुरी झाली की पुढे फक्त बदललेल्या फायली बघतो. एनटीएफएस (विंडोजची फायली ठेवायची पद्धत) ड्राइव्ह बदलांची नोंदवही ठेवते, ती वाचली की कोणती फाईल बदलली हे त्याला कळतं, सगळा ड्राइव्ह पुन्हा चाळावा लागत नाही. म्हणून पहिले एक-दोन दिवस सोडले तर निरोगी संगणकावर इंडेक्सिंग जाणवतसुद्धा नाही. चार महिने चाललेलं इंडेक्सिंग म्हणजे कधीच पुरं न होणारं इंडेक्सिंग. ते का पुरं होत नाही, हे शोधायचं आहे.

बाबांना फोनवर धरून एवढं करा:

स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, 'डिस्क' टॅबवर जा. तिथे प्रत्येक ओळीत कोणता प्रोग्रॅम कोणती फाईल वाचतोय ते पूर्ण पत्त्यासह दिसतं. दहा मिनिटं नुसतं बघा आणि फायलींचे पत्ते लिहून घ्या. प्रोग्रॅमचं नाव आपल्याला माहीतच आहे. तिथेच 'रिस्पॉन्स टाइम'चा रकाना आहे. आकडे दहा-वीस-पन्नास मिलिसेकंद असतील तर ठीक. एकटाच प्रोग्रॅम वाचत असताना हजाराच्या वर जात असतील तर डिस्कच खराब होऊ लागली असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून ०५ आणि सी५ या ओळी बघा. पहिलीत बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) असतात, दुसरीत वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे. सी५ शून्य नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

आणि या सगळ्याच्याही आधी, बाबांच्या टिपणांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आजच. तीस वर्षांचं काम एका दहा वर्षांच्या डिस्कवर आहे हे वाचून मला बरं वाटलं नाही.

पानगळ | शनिवार, दुपारी २:२०

एवढ्या खटाटोपापेक्षा एसएसडी टाका आणि मोकळे व्हा. २०१६चा संगणक, फिरती डिस्क. इंडेक्सर काय, अपडेट काय, अँटिव्हायरस काय, कशानेही ती धापा टाकणारच.

लोहचुंबक | शनिवार, दुपारी २:४५

पानगळ, एसएसडी टाकायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण मूळ बिघाड तसाच ठेवून एसएसडी टाकला तर तो बिघाड नुसता झाकला जातो. मी असे संगणक उघडलेत जिथे एसएसडी आहे, वेग आहे, आणि सूची मात्र आत रोज मोडतेय. माणसाला शोधलेलं सापडत नाही आणि का ते कळत नाही. इथे तर शोध हाच मुख्य प्रश्न आहे.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:५०

लोहचुंबक काका, मनापासून आभार. काल संध्याकाळी धाकटा चुलतभाऊ बाबांकडे गेला, त्याने सगळं केलं. प्रत घेऊन झाली, टिपणं फक्त ३ जीबी निघाली. ०५ आणि सी५ दोन्ही शून्य. रिस्पॉन्स टाइम साठ-सत्तरच्या आसपास.

रिसोर्स मॉनिटरमध्ये जे दिसलं ते लिहितो. वाचल्या जाणाऱ्या दहा फायलींपैकी आठ 'डी ड्राइव्ह, मोबाईल' या फोल्डरमधल्या. मी, ताई, मेव्हणे, सगळ्यांनी आपापले जुने फोन बाबांच्या संगणकावर 'बॅकअप' म्हणून ओतून ठेवलेत. व्हॉट्सॲपचे फोल्डर, स्टिकर, आणि फोन स्वतः बनवतो ते बारीक थंबनेल. नुसत्या थंबनेलच्याच ६१,००० फायली. सगळ्या मिळून २,४०,०००च्या वर. बाबांची स्वतःची टिपणं त्यात ६,८००.

आणखी एक गोष्ट विचित्र वाटली. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये किती नोंदी झाल्या तो आकडा येतो. काल रात्री ८ वाजता तो १,३१,००० होता. आज सकाळी बघितला तर ९,४००. हे कसं?

लोहचुंबक | रविवार, रात्री १०:१५

तो मागे गेलेला आकडा हेच तुमचं उत्तर आहे. सूची पुरी होत नाही कारण ती मध्येच मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उद्या इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारी खिडकी) उघडा, 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये सर्चच्या नोंदी गाळून काढा. क्रमांक १००८ची नोंद सापडते का बघा, आणि तिच्यात जुनी सूची काढून टाकण्याचं कारण काय दिलंय ते सांगा. आणि काल रात्री आठ ते आज सकाळ यांच्यात संगणक कसा बंद झाला तेही विचारा.

तोवर हिशोब. २,४०,००० फायली गुणिले चार उड्या, सेकंदाला पंचाहत्तर. १२,८०० सेकंद, म्हणजे साडेतीन तास. हे डिस्कला दुसरं कसलंच काम नाही आणि इंडेक्सर पूर्ण वेगात आहे असं धरून. बाबा संगणकावर बसलेले असताना तो हळूच चालणार. दिवसाला दोन-तीन तास संगणक चालू असेल तर एक सूची पुरी व्हायला चार-पाच दिवस सहज जातील. या चार-पाच दिवसांत एकदा जरी ती मोडली, की पुन्हा शून्य.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ८:३०

१००८ सापडली. कारण 'इंडेक्स करप्शन'. गेल्या महिन्याभरात अशा सात नोंदी.

बंद कसा होतो ते बाबांना विचारलं. आमच्याकडे वीज अधूनमधून जातेच. यूपीएस आहे, पण तो आता बीप करून त्याच क्षणी बंद पडतो. आणि दुसरं, संगणक इतका हळू झालाय की 'शट डाउन' दिल्यावर पाच-सहा मिनिटं नुसतं गोल फिरत राहतं. बाबांना संध्याकाळी देवळात जायचं असतं, म्हणून ते बोर्डावरचं बटण बंद करतात.

लोहचुंबक | सोमवार, रात्री ९:१०

मग साखळी सगळी लागली. सूची म्हणजे विंडोज १०मध्ये एक मोठा डेटाबेस असतो, 'विंडोज.ईडीबी' नावाचा, प्रोग्रॅमडेटाच्या आतल्या सर्च फोल्डरमध्ये. (विंडोज ११मध्ये त्याची जागा 'विंडोज.डीबी'ने घेतलीय.) डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना वीज गेली तर पुढच्या वेळी तो नोंदी तपासून स्वतःला सावरतो. बहुतेक वेळा सावरतो. नाही सावरता आलं की विंडोज तो टाकून देतं आणि नवा बांधायला घेतं. नवा बांधताना डिस्क पुन्हा १००%. म्हणून संगणक हळू. म्हणून बंद व्हायला वेळ. म्हणून बाबा बटण दाबतात. म्हणून सूची मोडते.

दुरुस्तीवाल्याने 'एन्हान्स्ड' केलं नसतं तर सहा-सात हजार फायलींची सूची एका बैठकीत पुरी झाली असती आणि यूपीएसची बॅटरी मेलीय हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. त्याचा हेतू चांगला होता. पण दोन लाख फायली आत ओढल्या आणि सूची मोडायला संधी मिळाली.

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मार्गदर्शन असं आहे की नोंदी चार लाखांच्या वर गेल्या की कामगिरीवर परिणाम दिसू लागतो आणि दहा लाख ही वरची मर्यादा धरावी. तुमचा आकडा त्या मानाने कमी आहे. पण फिरती डिस्क, ४ जीबी रॅम आणि रोजची मोडतोड असेल तर दोन लाखही भारी पडतात.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला तर मेहनत वाया जाईल. आधी यूपीएसची बॅटरी बदला. मग शोधाची सेटिंग परत 'क्लासिक'वर आणा. इंडेक्सिंग ऑप्शन्समधल्या 'मॉडिफाय'मध्ये जाऊन बाबांच्या टिपणांचा फोल्डर, डेस्कटॉप आणि मेल वापरत असतील तर मेल, एवढंच ठेवा. 'मोबाईल'वरची खूण काढा. मग 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'रीबिल्ड'. हे रात्री लावा, संगणक चालू ठेवून झोपा, सकाळी आकडा बघा. 'रीबिल्ड' दाबायची घाई करू नका. बॅटरी बदलण्याआधी दाबलं तर तेच पुन्हा होईल.

फोटोंचं काय, तर फोटो नावाने किंवा तारखेने शोधतात. त्यासाठी 'एव्हरीथिंग' नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. तो फाईलच्या आत जातच नाही. एनटीएफएसची जी मुख्य नोंदवही असते, जिच्यात ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाईलचं नाव असतं, ती एकदा वाचून घेतो. त्यामुळे लाखो नावं मिनिटाभरात तयार, आणि टाइप करता करता निकाल. आतला मजकूर विंडोज सर्चकडे, नावं एव्हरीथिंगकडे, अशी वाटणी करा.

टिचकी | सोमवार, रात्री ९:४०

हे वाचून माझा सल्ला मागे घेतो. एक शंका: मी सर्व्हिस बंद केल्यापासून आउटलुकमधला शोध फार वेळ घेतो. याचाच परिणाम?

लोहचुंबक | सोमवार, रात्री ९:५२

हो. आउटलुक विंडोज सर्चच्याच सूचीवर अवलंबून असतं. ती नसली की स्वतः एकेक मेल चाळतं. तुमच्या लॅपटॉपला एसएसडी असेल तर सर्व्हिस पुन्हा चालू करा आणि फोल्डर मोजके ठेवा.

अक्षरवाटा | मंगळवार, सकाळी ११:१८

मी धागा वाचत होते आणि एका वाक्याला अडकले. कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंय की बाबांच्या जुन्या फायली डीटीपी सेंटरमधून टाइप करून आणल्या होत्या. मी बावीस वर्षं डीटीपीच करते. त्या फायली कोणत्या फाँटमध्ये आहेत ते आधी बघा, कारण तुमची सूची कितीही नीट बांधलीत तरी त्या सापडणार नाहीत अशी मला भीती आहे.

युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी आजची पद्धत) रुळण्याआधी आम्ही सगळे कृतिदेव, श्रीलिपी, एपीएस, डीव्हीबीटीटी असल्या फाँटांत काम करायचो. त्या फाँटांत पडद्यावर मराठी दिसतं, पण फाईलमध्ये मराठी नसतंच. तिथे रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यांच्यावर देवनागरी चित्र चढवतो. कृतिदेवमध्ये 'काम' लिहिलं तर फाईलमध्ये 'डी', 'के', 'ई' ही तीन रोमन अक्षरं बसतात. 'नमन'चं 'यू', 'ई', 'यू'. विंडोज सर्च आत जाऊन वाचतो तेव्हा त्याला हेच दिसतं, आणि हेच तो मन लावून सूचीत लिहून ठेवतो. बाबा शोधाच्या चौकटीत युनिकोडमध्ये 'वीरगळ' टाइप करतात. सूचीत 'वीरगळ' हा शब्दच नाही. शोध मोकळ्या हाताने परत येतो.

'शोधलेली फाईल सापडत नाही' ही बाबांची मूळ तक्रार यामुळेच असावी. दुरुस्तीवाल्याला वाटलं, शोधाचा आवाका कमी पडतोय, म्हणून त्याने सगळ्या संगणकाची सूची लावली.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १२:०५

अक्षरवाटा ताई, आत्ता बाबांना फोन केला. १९९६ ते २०११पर्यंतच्या फायली कृतिदेवमध्येच आहेत. सुमारे अडीच हजार. ते म्हणाले, "तरीच २०११च्या आधीचं काही मिळत नव्हतं." त्यांना वाटत होतं, आपणच कुठेतरी चुकीच्या ठिकाणी ठेवल्यात.

आता काय करता येईल?

अक्षरवाटा | मंगळवार, दुपारी १:३०

फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतात, कन्व्हर्टर फुकट मिळतात. पण काही गोष्टी पाळा. मूळ फाईल कधीही पुसू नका, रूपांतरित प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सूचीत फक्त तोच फोल्डर घाला. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही देवनागरी समजून चिवडून ठेवतो. अवतरणचिन्हं, आकडे, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. शिलालेखाचं वाचन असलेलं टिपण तर ओळीला ओळ ताडून बघायला हवं, तिथे एक काना इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो. हे काम बाबांशिवाय दुसरं कोणी करू नये. अडीच हजार फायली एकदम नकोत, जे टिपण लागेल ते आधी.

आणि तुमच्या गावाच्या नावातच दुसरा काटा आहे. 'कऱ्हाड'मधलं ते आखूड, पापणीसारखं र. ते युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एकात खाली टिंब असलेल्या ऱ या अक्षराचा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. फोनवरचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, संगणकावरचा दुसरी, कन्व्हर्टर आणखी कुठली तरी. माझ्याकडे 'वाऱ्यावरचे' या नावाची एक फाईल होती, समोर दिसत असूनही शोधात येईना. शेवटी नाव पुन्हा टाइप केलं तेव्हा आली. बाबांना सांगा, शोधताना 'कऱ्हाड'वर भर न देता त्याच टिपणातला दुसरा एखादा शब्द घ्या, 'प्रीतिसंगम' किंवा 'आगाशिव' असा. रूपांतरानंतर वर्डमधल्या 'शोधा आणि बदला'ने सगळीकडे एकच पद्धत करून घ्या. हे अवघड नाही, फक्त कोणी सांगत नाही.

रानवाटेवर | मंगळवार, सायंकाळी ६:४०

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे हेच काम स्पॉटलाइट करतं, २००५च्या टायगर आवृत्तीपासून. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'एमडीएस' आणि 'एमडीवर्कर' नावाने दिसतं. मोठ्या अपडेटनंतर ते काही तास जोरात चालतं, तेव्हा चार्जरला लावून सोडून द्यावं. बॅकअपची बाहेरची डिस्क त्यात नको असेल तर स्पॉटलाइटच्या प्रायव्हसी यादीत टाकावी. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप असेल तर 'बलू' असतं, तिथेही फोल्डर वगळता येतात.

ताईंची फाँटवाली माहिती मात्र तिन्हीकडे तितकीच खरी. मी वडिलांच्या कृतिदेव फायली मॅकवर आणून वर्षभर स्पॉटलाइटला दोष देत होतो.

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, सकाळी ११:००

काय झालं ते सांगायला आलोय. शुक्रवारी रात्री कऱ्हाडला आलो, दोन दिवस इथेच आहे.

यूपीएसची जुनी बॅटरी काढली तेव्हा ती दोन्ही बाजूंनी फुगलेली होती. नवी बसवली, मुख्य बटण बंद करून तपासलं, संगणक अकरा मिनिटं टिकला. 'क्लासिक' केलं, 'मोबाईल' काढला, टिपणं ठेवली, रीबिल्ड लावलं. रात्रभर ठेवायची गरज पडली नाही. मी आणि बाबा जेवून, गच्चीवर एक फेरी मारून येईपर्यंत 'इंडेक्सिंग पूर्ण' असा संदेश आला होता. नोंदी ७,२००. विंडोज.ईडीबी आधी साडेचार जीबीची होती, आता अडीचशे एमबीच्या आत आहे.

काल सकाळी आणि आज सकाळी घड्याळ लावून बघितलं. बटण दाबल्यापासून वर्डमध्ये टाइप करता येईपर्यंत अडीच मिनिटं. फिरत्या डिस्कला हे ठीकच म्हणायचं. 'शट डाउन' चाळीस सेकंदांत होतं. बोर्डाच्या बटणावर बाबांनी स्वतःच कागद चिकटवलाय: "पडदा काळा झाल्यावरच."

फोन-बॅकअपवाल्या नातेवाइकांना निरोप दिलाय, आपापले फोटो महिन्याभरात घेऊन जा.

काल दुपारी ताईंच्या सांगण्याप्रमाणे पहिली पंधरा टिपणं रूपांतरित केली. मी वाचत होतो, बाबा मूळ वहीवरून ताडत होते. एका वीरगळाच्या टिपणात 'र्‍हस्व' आणि 'ह्रस्व' असा घोळ सापडला, तो कन्व्हर्टरचा नव्हता, १९९९ सालच्या टायपिंगचाच होता. सूचीत ते गेल्यावर बाबांनी शोधात एका जुन्या वाड्याचं नाव टाकलं. तीन टिपणं आली. तिसरं १९९८चं, जे ते गेली काही वर्षं शोधत होते. त्यांनी ते छापून घेतलं आणि खुर्चीत बसून वाचत राहिले.

दोन प्रश्न उरलेत. बाबांकडे जुन्या कागदपत्रांचे स्कॅन आहेत, पीडीएफ. तेही शोधात येतील का? आणि पुढच्या महिन्यात २५० जीबीचा एसएसडी घेतोय. इंडेक्सिंगमुळे तो लवकर झिजतो असं वाचलं, मग तेव्हा तरी बंद करावं का?

लोहचुंबक | रविवार, दुपारी १२:३५

फार बरं वाटलं वाचून.

स्कॅन म्हणजे फोटोच. पीडीएफच्या वेष्टनात असला तरी आत अक्षर नाही, म्हणून सूचीत मजकूर जात नाही. टेसरॅक्ट नावाचा, चित्रातली अक्षरं ओळखणारा मुक्त प्रोग्रॅम मराठी छपाई बऱ्यापैकी वाचतो, त्याने पीडीएफमागे मजकुराचा थर चढवता येतो. पण मोडी किंवा हस्तलिखित असेल तर त्याची आशा नको. तिथे फाईलच्या नावातच गाव, साल आणि विषय लिहायची सवय लावा, एव्हरीथिंग ते क्षणात काढून देईल.

एसएसडीची काळजी सोडा. २५० जीबीच्या चांगल्या साटा एसएसडीला साधारण १५० टीबी लेखनाची हमी असते. तुमची सूची पाव जीबीची. ती रोज अख्खी नव्याने लिहिली तरी वर्षाला शंभर जीबीही होत नाहीत. इंडेक्सिंग चालू ठेवा. एसएसडीबरोबर रॅम ८ जीबी करून घ्या, संगणक जुना असला तरी तेवढा फरक बाबांना जाणवेल. आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, तेव्हा पुढे काय करायचं तेही याच वेळी ठरवून टाका.

जुनी डिस्क काढलीत की फेकू नका. ०५ आणि सी५ शून्य आहेत, टिपणांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवून कपाटात ठेवा.

अक्षरवाटा | रविवार, दुपारी १:१०

पंधरा झाली, उरली सुमारे दोन हजार चारशे पंच्याऐंशी. काकांना माझा नमस्कार सांगा. ताडून बघायला दुसरा डोळा हवा असेल तर कृतिदेवची पंचवीस-तीस टिपणं दर आठवड्याला मी बघून देईन. मूळ वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवा.